ताईच्या निधीला आईची अट

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत होते. डाव्या जबड्यात नुकतंच इंजेक्शन दिलेलं. ओठ, जीभ, अर्धा गाल, काहीच माझं राहिलं नव्हतं. पर्समधला फोन वाजून थांबला, परत वाजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घ्या हो, काही अर्जंट असेल."

पलीकडे ताईची संस्थेतली मैत्रीण होती. माझी थोरली बहीण शास्त्रज्ञ. खाडीच्या गाळात राहणाऱ्या जिवाणूंवर तिचं काम. ही मैत्रीण तिच्या शेजारच्या खोलीत बसायची, आमच्या घरी येऊन-जाऊन असायची. ती म्हणाली, "तू लगेच निघ. ती लॅबमध्ये पडली. हॉस्पिटलला आणलंय."

मी विचारलं, "शुद्धीवर आहे का?" पण माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं त्याला शब्द म्हणता आलं नसतं. ती "काय? काय म्हणतेस?" करत राहिली. मी परत विचारलं. परत तसाच लगदा. शेवटी तीच रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "अगं, गेली ती."

मी ओरडले असेन. आवाज कसा निघाला मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हनुवटीखाली टिश्यू धरला तेव्हा कळलं की लाळ गळतेय.

ताईने नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. ना बीपी, ना शुगर. त्याच सकाळी तिचा मला मेसेज होता, "दात काढलास की आइस्क्रीम खा, डॉक्टरला विचारून." हॉस्पिटलात ती स्ट्रेचरवर होती. मेंदूत रक्तस्राव झाला असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. मी मान हलवली. तिच्या बोटांना निळी शाई लागलेली, बाटल्यांवर नावं घालायच्या पेनाची. मी ती शाई अंगठ्याने पुसत बसले. कोणीतरी माझा हात धरून बाजूला केला.

आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. दुसरं होतं कोण? बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई आणि ताई भांडुपला राहायच्या, आमच्या जुन्या चाळीच्या जागी बिल्डिंग झाली तिच्यातल्या फ्लॅटमध्ये. मी पोचले तेव्हा आई ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. माझं वाकडं तोंड बघून म्हणाली, "काढलास काय दात?"

मी सांगितलं. बधिर जिभेने, तुटक तुटक सांगितलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मला तेच वाक्य परत म्हणावं लागलं. त्याच्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

आईने गॅस बंद केला. हात धुतले. पदराला पुसले. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तिना डबो खाल्ल्यान?"

ती पडली तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते. मैत्रिणीने तिच्या पर्ससोबत डबा हॉस्पिटलात आणला होता, भरलेला. मी म्हटलं, "नाही."

आई खाली बसली. रडली नाही.

आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरच्या हाताखाली लागले. चाळीतल्या दोन खोल्यांत ताई शिकली, स्कॉलरशिपवर शिकत गेली, आणि एक दिवस डॉक्टर झाली. चाळीतल्या बायका तिच्याकडे गुडघेदुखीवर गोळ्या मागायला येत. ती हसून सांगे, "मी गाळाची डॉक्टर आहे, मावशी."

ते खरंच होतं. ओहोटीची वेळ बघून ती माहुलच्या जेट्टीवर जायची, गमबूट घालून चिखलात उतरायची. शहराचं तेलकट काळं पाणी जिथे खाडीला मिळतं तिथल्या गाळात काही जिवाणू तेल खाऊन जगतात. ते शोधायचे, बाटल्यांत वाढवायचे, त्यांच्याकडून खाडी साफ करून घेता येईल का ते बघायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. तिथले कोळी तिला ओळखायचे. कोणी होडीतून तिवरांच्या आत नेऊन सोडायचं.

आणि आई तिला बोलायची. आमच्या घरातला हा रोजचा कार्यक्रम होता. "एवढं शिकून चिखलातच उतरायचं होतं तर गावाक भातलावणी काय वाईट होती?" मामा-मावश्या जमल्या, गणपतीला गाव गोळा झालं, की आईचा पट्टा सुरू. लग्न नाही, मूल नाही, घरात येताना खाडीचा वास घेऊन येते. ताई गप्प जेवायची. मी समजून चालले होते की माझ्या आईला माझ्या बहिणीचं काम कधी आवडलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर संस्थेने शोकसभा ठेवली. आईला नेऊ नये असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मी येणार." गुडघे दुखत होते तरी इस्त्रीचं नऊवारी नेसून तयार होऊन बसली.

हॉल भरला होता. कितीतरी मुली. तरुण, मध्यमवयीन, एकदोघी गरोदर. ताईच्या विद्यार्थिनी. त्यातल्या अर्ध्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती. त्या रांगेने आईच्या पाया पडत होत्या आणि आई प्रत्येकीला विचारत होती, "तू काय करतेस?"

भाषणं झाली. शेवटी संस्थेचे जुने प्रमुख उठले. ताई नोकरीला लागली तेव्हाचे तिचे साहेब. आता बरेच म्हातारे झालेले, पण आवाज खणखणीत. ते ताईबद्दल फार चांगलं बोलले. मग म्हणाले, "तिने संसाराचा मोह कधी धरला नाही. प्रयोगशाळा हाच तिचा संसार. तिने विज्ञानाशीच लग्न लावलं होतं."

माझ्या बाजूची खुर्ची करकरली. मला वाटलं आईला बाथरूमला जायचंय. मी उठून तिचा दंड धरला तर तिने झटकला.

"ह्या खोटा आसा," आई म्हणाली.

तिच्याकडे माइक नव्हता. पण चाळीत चौथ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्याशी बोलण्यात तिची हयात गेलेली. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. माना वळल्या.

"आई, बस," मी म्हटलं.

"कित्याक बसू?" ती स्टेजकडेच बघत होती. "साहेब, तुम्ही मोठी माणसं. पण कित्याक खोटा बोलतास? माझ्या चेडवाक लगीन करूचा होता. तिका पोरां होयी होती."

माझे कान गरम झाले. मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय.

आई आता मुंबईच्या मराठीत आली, सगळ्यांना नीट कळावं म्हणून बहुतेक. "तिला एक मुलगा पसंत होता. चांगला होता. माझ्या घरी येऊन जेवून गेलेला. त्याला बंगलोरला नोकरी लागली. तिने तुमच्याकडे सुट्टी मागितली. लग्न करून थोडे महिने राहून येते म्हणाली. तेव्हा ती पर्मनंट नव्हती, दर वर्षी नवीन कागद. तुम्ही सांगितलंत, गेलीस तर जागा दुसऱ्याला जाईल. ती नाही गेली. आणि तुम्ही म्हणता मोह नव्हता."

एवढं बोलून ती बसली. माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली, "पाणी दे गं."

स्टेजवरच्या साहेबांनी चष्मा काढला. मग हळूहळू जाऊन ते आपल्या खुर्चीत बसले. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला काय करावं सुचेना. त्याने दोन मिनिटं शांत उभं राहायची विनंती केली. हॉल आधीच इतका शांत होता की लोक नुसते उभे राहिले.

मीही उभी राहिले. असा कोणी मुलगा होता? त्या वर्षांत मी लग्न होऊन नवऱ्याच्या बदलीपायी नागपूरला होते. दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन. ताई हवापाण्याचं विचारायची, मी भाजीचे भाव सांगायचे. एक शब्द नाही. मुंबईला परत येऊनही माझी इतकी वर्षं झाली होती. आम्ही दोघी बहिणी एकमेकींना सगळं सांगतो, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

परतताना रिक्षा एलबीएस रोडला अडकली. मी विचारलं, "आई, हे खरंय?"

"मग काय खोटं बोलायला गेले होते?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तिनेच सांगितलं होतं, कोणाला बोलू नको." आई बाहेर बघत होती. "तो मुलगा निरोप घेऊन गेला त्या दिवशी तिनं बाथरूममध्ये चिखलाचे ते बूट धुतले. धुतेच आहे, धुतेच आहे. मी दार वाजवलं. म्हटलं, जा तू. जागा गेली तर गेली. तर म्हणाली, आई, माझ्या बाटल्या मरतील. त्यांना वेळच्या वेळी खायला लागतं, दुसरं कोणी नाही बघणार. मी म्हटलं, मरू देत. मग म्हणाली, आई, मला दोन्ही का नाही गं मिळत?"

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. पुढे सरकायला जागा नव्हती.

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तिच्या हातातले बूट घेतले आणि वाळत घातले."

मी विचारलं, "तो कुठे असतो आता?"

"काय माहीत. सुखात असेल."

माझ्या मनात एक गोष्ट बसत नव्हती. मी म्हटलं, "मग तू तिला सगळ्यांसमोर का बोलायचीस गं? लग्न नाही, चिखलात जाते... तुला तर सगळं माहीत होतं."

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अगदीच बावळट आहे. "मी आधीच बोलून टाकलं की बाकीच्यांना काय उरतं बोलायला? तुझी मामी, तुझी आत्या, काय कमी जिभेच्या आहेत? आईच बोलते म्हटल्यावर गप्प बसायच्या. उलट तिची बाजू घ्यायच्या. तिला ठाऊक होतं. घरी आल्यावर आम्ही हसायचो."

आम्ही हसायचो. मी ते परत परत मनात म्हणून बघितलं. ताई खाली मान घालून जेवायची, ती रडू नव्हे, हसू आवरत होती तर. रिक्षा कधी सुटली, भांडुप कधी आलं, मला कळलं नाही. बहीण गेल्याचा धक्का एक होता. पण ज्या घरात मी वाढले ते घर मला माहीतच नव्हतं, हा वेगळा.

काही दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात ताईची मैत्रीण आणि तिच्यामागे ते म्हातारे साहेब. त्यांना जिने झेपत नव्हते, पण लिफ्ट बंद होती; धापा टाकत उभे होते. आईने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. चेहऱ्यावर काही नाही.

चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "मी त्या दिवसापासून आठवायचा प्रयत्न करतोय. तिने सुट्टी मागितली तो दिवस. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्याचंच मला जास्त लागलंय."

आई म्हणाली, "तुम्हाला कशाला आठवेल? तुमच्यासाठी तो रोजचाच दिवस."

मैत्रिणीने मग पिशवीतून एक छापलेला कागद काढला. ताईच्या विद्यार्थिनींनी, सहकाऱ्यांनी मिळून पैसे जमवले होते, अजून येत होते. ताईच्या नावाने एक निधी उभारायचा होता, संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी. दर वर्षी एकीला पदक, रोख बक्षीस आणि ताईच्या नावाने एक व्याख्यान. आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायला घेतलं. "कै. कुमारी..."

"थांब," आई म्हणाली. "कुमारी काढा."

"ती पद्धत असते, काकू," मैत्रीण म्हणाली.

"पन्नाशीच्या बाईला कुमारी? ती डॉक्टर होती ना? डॉक्टर लिवा. आणि पदक कशाला? ती मुलगी पदक घेऊन काय करणार? भांड्यांच्या कपाटात ठेवणार."

मैत्रिणीला हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. तिच्या घरी काचेच्या कपाटात असली पदकं आहेत, मी पाहिलीत.

"मग काय करावं असं तुम्हाला वाटतं?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच विचारायचं होतं.

आईने जणू रात्रंदिवस तेच ठरवलं होतं. "ज्या मुलीला काम करायचंय आणि घरी लहान मूल आहे, नायतर अंथरुणावर म्हातारं माणूस आहे, तिच्या घरी बाई ठेवा. त्या बाईचा पगार ह्या पैशातून द्या."

साहेब गोंधळले. "पण हा संशोधनाचा निधी आहे. उपकरणं, केमिकल्स, परिषदेचा प्रवास, हे दाखवता येतं. घरकामाच्या बाईचा पगार कुठल्या सदरात दाखवायचा?"

"माझ्या पोरीचा डबा कुठल्या सदरात होता?"

मैत्रिणीने पिशवीतून पेन काढलं.

"तिला मी होते," आई म्हणाली. "सकाळचा डबा मी, संध्याकाळचं गरम जेवण मी, ताप आला तर पेज मी. दूध, गॅस, लाइट बिल, पाहुणे, सगळं मी. म्हणून ती तुमच्याकडे काळोख पडेपर्यंत बसली. जिला माझ्यासारखी आई नाही तिनं काय करायचं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझी आई चौथी शिकलेली. तिने असं काही कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. आणि ती हे बोलताना चिडलेलीही नव्हती. रेशनच्या रांगेत आपला नंबर कुठला ते सांगावं तसं सांगत होती.

मैत्रीण हळूच म्हणाली, "आणि ती मुलगी बाळंतपणाच्या सुट्टीवर गेली, तर तेवढ्या दिवसांपुरती तिचं काम बघायला एक मदतनीस द्यायची. म्हणजे तिची जागाही राहील आणि प्रयोगही मरणार नाही. हेही घालूया, सर."

साहेबांनी मान हलवली. मग पहिल्यांदाच त्यांनी चहाचा कप उचलला.

निघताना आईने मैत्रिणीला विचारलं, "तिच्या बाटल्या आता कोण बघतं?"

"तिची शेवटची विद्यार्थिनी आहे ना, ती बघते. रोज."

"जिवंत आहेत?"

"आहेत, काकू. सगळ्या."

आई "बरं" म्हणाली आणि आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा पदर खांद्यापर्यंत भिजला होता. साहेब तोवर दारातच चप्पल पायात घालून उभे होते, निरोप घेतल्याशिवाय जायला तयार नव्हते.

पुढचे कित्येक महिने भांडणात गेले. विश्वस्तांच्या बैठकांना घरची प्रतिनिधी म्हणून मी जायचे. एक गृहस्थ प्रत्येक वेळी म्हणायचे, "ही शास्त्राला मदत आहे की मोलकरणीला?" आणि आपल्याच विनोदावर हसायचे. मला वाटलं होतं साहेब कंटाळून सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही. एका बैठकीत त्यांनी उठून सांगितलं, "माझ्या हाताखालून इतक्या मुली सोडून गेल्या, मी प्रत्येकीच्या नावापुढे 'वैयक्तिक कारण' लिहिलं. ते कारण काय होतं हे मी एकीलाही विचारलं नाही." ते गृहस्थ त्यानंतर हसले नाहीत. आईची अट जशीच्या तशी नियमांत आली.

पहिल्या निवडीच्या दिवशी मुलाखती होत्या. मंडळावर मैत्रीण, साहेब, बाहेरून बोलावलेले एक प्राध्यापक आणि मी. घाटकोपरहून एक मुलगी आली होती. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या जंतूंवर काम करत होती. घरी पाळण्यातून नुकतीच बाहेर आलेली लेक आणि अर्धांगवायू झालेले सासरे. सासूबाई त्यांच्यातच अडकलेल्या. ही मुलगी प्रबंध अर्धा टाकून घरी बसली होती. कामाबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा बदलायचा. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ऐकावंसं वाटत होतं.

मग बाहेरचे प्राध्यापक पुढे झुकले. आवाजात आपुलकी होती. "एक विचारू का? दुसऱ्या मुलाचा विचार आहे का? तसं असेल तर आत्ताच सांगून टाका. म्हणजे आम्हाला ठरवायला बरं."

मला कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. याच निधीच्या मुलाखतीत! मागे भिंतीवर ताईचा फोटो होता. ती मुलगी पांढरी पडली आणि टेबलावरचे आपले कागद गोळा करायला लागली.

"हा प्रश्न इथे विचारायचा नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, खणखणीतपणा कुठे गेला कोण जाणे.

"अहो सर, मी प्रॅक्टिकल..."

"इथे नाही."

मुलीचे हात थांबले. तिने साहेबांकडे बघितलं, मग त्या प्राध्यापकांकडे. आणि शांतपणे म्हणाली, "विचार आहे, सर. दुसरं मूल हवंय आम्हाला. आणि पीएचडीपण पुरी करायचीय."

मैत्रिणीने टेबलाखाली माझा हात दाबला. इतक्या जोरात की माझी अंगठी रुतली. निवड तिचीच झाली. प्राध्यापकांनीही सही केली.

ती मुलगी पेढे घेऊन भांडुपला आईला भेटायला आली. आईने पेढा तोंडात टाकला, बसायला सांगितलं, आणि सरळ मुद्द्यावर आली. "ठेवलीस बाई?"

"हो आजी. आमच्या बिल्डिंगच्या मागेच राहतात. फार चांगल्या आहेत. मुलगी रमलीय त्यांच्याकडे."

"तिला आठवड्याची सुट्टी देतेस?"

"देते ना."

"आणि तिची पोरं कोण बघतं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे. एवढे महिने, एवढ्या बैठका, एवढे शिकलेले लोक, आणि हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही.

"मी... विचारलं नाही," ती मुलगी म्हणाली.

"मग विचार," आई म्हणाली आणि दुसरा पेढा घेतला.

तिने विचारलं. त्या बाईंची मुलगी शाळेतून आल्यावर अंधार पडेपर्यंत कुलूप लावलेल्या खोलीत एकटी असायची. आता ती शाळेतून थेट हिच्या घरी येते, तिथेच जेवते, अभ्यास करते. हिच्या सासूबाईंना सुरुवातीला ते अजिबात पटलं नाही, घरात चांगलीच वादावादी झाली. अजूनही अधूनमधून होते. पण पोरगी सासऱ्यांना पेपर वाचून दाखवते, आणि अर्धांगवायूने वाकडं झालेलं त्यांचं बोलणं घरात तिलाच सगळ्यांत आधी कळतं, असं ती मुलगी मला फोनवर सांगत होती. बोलता बोलता मध्येच थांबून म्हणाली, "मॅडम, ठेवते हं. लॅबमध्ये आहे, जंतूंची प्लेट बाहेर काढायचीय, वेळ झाली."